ऑइल कुठे जातं

लेकीने ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली, चिंधीने पुसली, परत आत घातली, पुन्हा ओढली आणि मिस्त्रीच्या नाकासमोर धरली. टोक कोरडं होतं. खालच्या खुणेच्याही खाली, जिथे निदान एखादा काळा थेंब लोंबत असायला हवा होता, तिथे नुसती पट्टी चमकत होती. मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होता. ओठांपर्यंत नेलेला कप तसाच राहिला, आणि मग चहाच गार झाला असावा अशा थाटात त्याने तो सावकाश खाली ठेवला.

“बाराशे किलोमीटर,” लेक म्हणाली. “मागच्या वेळी मी स्वतः वरच्या खुणेपर्यंत भरून दिलं होतं. दोन लिटरच्या वर ऑइल गेलंय, आप्पा.”

“गळत असेल.”

“खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता. एक डाग नाही.”

“मग भरताना कमी भरलं असशील.”

“आप्पा.”

एवढंच म्हणाली ती. ही तिच्या आईची सवय. त्या एका हाकेत ‘उगाच काहीतरी बोलू नका’पासून ‘वयाला शोभेल असं वागा’पर्यंत सगळं येत असे. तिने डिपस्टिक जागेवर ढकलली आणि हात पुसत म्हणाली, “रिंगा गेल्यात.”

गॅरेजमध्ये रोज कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येणारं वाक्य. मिस्त्रीने स्वतः ते शेकडो लोकांना ऐकवलं होतं, आणि ऐकताना त्यांची तोंडं कशी उतरतात तेही पाहिलं होतं. आज ते त्याच्यावर आलं, आणि भर बाजारात कुणी गचांडी धरावी तसं त्याला झालं. कारण या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन नऊ वर्षांपूर्वी त्याने बांधलं होतं. दुरुस्त नव्हतं केलं, बांधलं होतं. अकरा दिवस त्याने दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. पिस्टनभोवतीची प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये उतरवून तिच्या दोन टोकांमधली फट पातळ पात्याने मोजली होती, आणि पात्याने मोजून झाल्यावर पुन्हा नखाने, कारण पात्यावर त्याचा विश्वास होता पण नखावर जास्त होता. बाराव्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, तर इंजिनाने एक फेराही पुरता घेतला नाही तोच पकडलं, आणि असं काही संथ बोलायला लागलं की शेजारच्या दुकानात टर्बो दुरुस्त करणारा टर्बोवाला हातातलं काम टाकून बघायला आला. “मिस्त्री,” तो म्हणाला होता, “हे डिझेल आहे का शिलाई मशीन?” मिस्त्रीने तेव्हा ऐकू न आल्यासारखं केलं होतं. पण ते वाक्य त्याने नऊ वर्षं जपलं होतं, आणि कधी अंगात कणकण असली, कधी गुडघे बोलायला लागले, की ते बाहेर काढून बघत असे. माणसं आपल्या मुलांच्या बक्षिसांची कात्रणं ठेवतात, तसं.

गाडीच्या मालकीण समोरच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या, अंगाने काडी आणि आवाजाने घंटा. दर दोन महिन्यांनी पाचशे किलोमीटर एकट्या गाडी चालवत अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीकडे जायच्या आणि तशाच एकट्या परत यायच्या.

“मला नीट सांग गं,” त्या लेकीला म्हणाल्या. “रिंगा गेल्या म्हणजे काय करावं लागतं?”

“इंजिन उघडावं लागतं, बाई. पूर्ण.”

“मग नका उघडू. भाच्याने भंगारवाला बघून ठेवलाच आहे. ‘मावशी, या वयात कशाला चालवतेस’ ऐकून माझे कान किटलेत. इंजिन उघडलं म्हटल्यावर त्याला आयतंच निमित्त. बुधवारी मला बहिणीकडे निघायचंय. तुम्ही मला सोमवारी सकाळी एकच सांगा, गाडी चालेल की नाही. नसेल चालणार तर त्याला म्हणते, घेऊन जा. आणि एकदा ही गेली की दुसरी मला कोण चालवू देतंय?” मग त्यांनी मिस्त्रीकडे मान वळवली. “तुम्ही गप्प का?”

“रिंगा नाहीत, बाई,” मिस्त्री म्हणाला.

“कशावरून?”

“मी बसवल्यात.”

बाई हसल्या. “हे उत्तर झालं का?”

ते उत्तर नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याने लेकीबरोबर सगळं पहिल्यापासून बघायला घेतलं. ऑइल खाणारं इंजिन म्हणजे घरात रोज काहीतरी हरवण्यासारखं असतं. चोर बाहेरचा आहे का घरातला हे आधी ठरवायचं, आणि घरातला असेल तर कुणाचं तोंड आधी बघायचं हे मग. खाली घुसून बघितलं, कुठे ओल नाही. पाणी तपासलं, त्यात ऑइलचा तवंग नाही. थोडं ऑइल घालून थंड इंजिन सुरू केलं तेव्हा लेक मागे धुराच्या नळीपाशी उभी होती. ऑइल जळल्याचा निळा धूर नाही, म्हणजे व्हॉल्व्हची सिलं धड होती. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दाबल्यावर मात्र एक निळसर लोट आला. “बघा,” लेक म्हणाली. मिस्त्रीने बघितला. मग तिने एकेका सिलिंडरला यंत्र लावून दाब मोजला आणि आकडे मोठ्याने सांगितले. “अठ्ठावीस. अठ्ठावीस. साडेसत्तावीस. अठ्ठावीस.” चौथा आकडा सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. नव्या गाडीत असा दाब मिळाला तरी लोक पेढे वाटावेत तसे आकडे वाटत फिरतात. मिस्त्रीने छाती पुढे काढली नाही, पण ती आपली आपण निघाली.

“रिंगा गेल्यात म्हणे,” तो छताकडे बघत म्हणाला.

“दाब वरच्या रिंगा धरतात, आप्पा. ऑइल खालची रिंग खरवडते. ती चिकटली असेल तर यात दिसत नाही. तुम्हीच शिकवलंय.”

“मी शिकवलेलं माझ्यावरच काढ.”

“मग कुणावर काढू? दुसऱ्या कुणी शिकवलंच नाही.”

खरं होतं ते, आणि ती ते शांतपणे बोलत होती, हे जास्त टोचत होतं. तेवढ्यात टर्बोवाला आला. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा पाईप सोडलेला होता आणि त्यात चांगलं चमचाभर ऑइल साचलेलं होतं. त्याने बोट घालून ते बघितलं आणि तोंड गंभीर केलं. “माझ्याकडे द्या टर्बो. म्हातारं झालं की जास्त प्यायला लागतं, मिस्त्री. माणसासारखंच.”

“तुझ्या टर्बोने पाजलं नाही म्हणजे मिळवली,” मिस्त्री म्हणाला, आणि टर्बोची दांडी दोन बोटांत धरून वर-खाली, मागे-पुढे हलवून बघितली. केसभरही खेळ नव्हता. टर्बोवाल्याने बघितली, त्यालाही मिळाला नाही. “ब्रीदर बघितलास?” टर्बोवाल्याने लेकीला विचारलं. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटात कोंडणारी हवा बाहेर काढणारा हातभर रबरी पाईप. “सकाळीच वरचं टोक सोडून फुंकून बघितला,” ती म्हणाली. “मोकळा आहे.” आणि मग तिघंही त्या उघड्या बॉनेटभोवती, आजाऱ्याच्या खाटेभोवती नातेवाईक उभे राहतात तसे उभे राहिले. “मग रिंगाच,” लेक शेवटी म्हणाली. “उद्या सुट्टी. सोमवारी मी बाईंना सांगते.” मी सांगते, म्हणाली. तुम्ही सांगा, असं म्हणाली नाही. बापाला स्वतःच्या तोंडाने ते बोलावं लागू नये म्हणून म्हणाली असेल, हे मिस्त्रीला समजलं, आणि समजल्यामुळेच ते त्याच्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, “भाजी कशी झालीय?”

“चांगली.”

“मीठ घालायचं विसरलेय मी. तिसरा घास चाललाय तुमचा.” तिने मिठाची वाटी पुढे सरकवली. “ते इंजिन म्हणजे काय पोटचं पोर आहे तुमचं?”

“पोर निदान बोलतं तरी.”

“तुमचं कुठलं पोर बोललं तुमच्यासमोर? एक ती थोरली बोलते, तर तिच्यावर गुरगुरता.”

मीठ घेऊनही त्याला चव लागली नाही, कारण तो तिथे नव्हताच. तो नऊ वर्षांमागे गेला होता आणि इंजिन पुन्हा बांधत होता. पहिला सिलिंडर. पिस्टन हातात, तीन रिंगा, तिघींची तोंडं तीन दिशांना, कारण तोंडाखाली तोंड आलं की ऑइलला वाट मिळते. आठवलं. दुसरा सिलिंडर, तेव्हा बाहेर कुणीतरी भांडत होतं, आठवलं. चौथाही आठवला. त्या दिवशी उजव्या अंगठ्याला पट्टी होती. तिसरा आठवेना. तिसऱ्याच्या जागी मोठ्या भावाचा चेहरा येत होता. भाऊ गेल्याचा निरोप त्या अकरा दिवसांतच कधीतरी आला होता आणि तो पाना खाली ठेवून गेला होता, तिसऱ्या दिवशी येऊन तोच पाना उचलला होता. पण पाना ठेवला तेव्हा काय हातात होतं? खालची रिंग बसवून झाली होती का बसवायची होती? आणि परत आल्यावर आपण बघितलं, का ‘झालंय’ असं धरून चाललो? नऊ वर्षं ज्याच्यावर आपण इतके ऐटीत उभे होतो त्याच्या खालीच एक पोकळ जागा असावी, आणि ती आपल्यालाच माहीत नसावी! त्याने डावा हात बघितला, उजवा बघितला. हातांना विचारलं. हात कधी खोटं बोलले नव्हते, पण आज तेही गप्प होते.

पूर्वी असं होत नसे. पूर्वी म्हणजे अक्षरं येण्याआधी. मिस्त्रीला लिहा-वाचायला त्रेपन्नाव्या वर्षी आलं. तोवर कुठल्या गाडीचा कुठला नट किती घट्ट, कुणाचं काय उरलंय, कुणी कधी यायचंय, सगळं डोक्यात ठेवावं लागे, आणि ते राहत असे, जागच्या जागी, हत्यारांच्या फळीसारखं. मग बाईंनी शाळेच्या खोलीत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग काढला. गुडघे हनुवटीला लागतील अशा पोरांच्या बाकांवर अकरा बाप्ये आणि चार बाया बसत. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, “बाई, कमळ मला कधी लागणार नाही. मला इंजिन लिहायला शिकवा.” बाईंनी कमळ पुसून इंजिन लिहिलं होतं. वर्ष गेलं आणि तो वाचायला लागला, तो असा की थांबेचना. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीमागचं बारीक, साबणाच्या वेष्टनावरचं, रस्त्यात पडलेल्या कागदावरचं. बायको म्हणायची, तुमच्याबरोबर चालायचं म्हणजे वीतभर चालायचं आणि हातभर उभं राहायचं. पण आठवणी तेव्हापासून सैल झाल्या. डोक्याला कळलं की आता दुसरी सोय आहे, आणि ते आळशी झालं. आणि मिस्त्रीने ती दुसरी सोय गॅरेजमध्ये कधी येऊ दिली नाही. बाहेर सगळं वाचणारा माणूस गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत हट्टाने अडाणी राहिला. लेकीने कपाटाच्या खणाखणांवर चिठ्ठ्या लावल्या तेव्हा तो म्हणाला होता, “मला कशाला? मी अंधारात हात घातला तरी हवं तेच हाताला येतं.” आणि येतही असे. काल-परवा वाचायला शिकलेल्या पोराला विचारून चाळीस वर्षं काम केलेल्या हातांनी वस्तू घ्यायची, हा त्याला हातांचा अपमान वाटे. ते पोर म्हणजे तो स्वतःच, ही गोष्ट वेगळी.

रविवारी जेवण झाल्यावर तो एकटाच गॅरेजवर गेला. शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरला, बाईंच्या गाडीत वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि शटर पुरतं वर करून गाडी बाहेर काढली. काय शोधायचं ते ठरलेलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं की उद्या कुणी या इंजिनाबद्दल काही बोलण्याआधी आपण त्याच्याशी एकदा बोलून घ्यायचं. शहराच्या बाहेर मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने काच खाली केली. इंजिन गात होतं. दोन लाख किलोमीटरला टेकलेलं इंजिन चढावर तिसऱ्या गिअरात घेतलं तर तक्रार नाही, चौथ्यात टाकलं तर धक्का नाही. त्याच्या मांडीखालून, पावलांतून, स्टिअरिंगवरच्या तळव्यांतून ते वर येत होतं आणि त्याला वाटलं, हे चोर नाही. ज्याच्या पोटात काही बिघडलंय ते असं गात नाही. माणूसही नाही गात. एक ट्रक मागे टाकताना त्याला स्वतःचीच लाज वाटावी इतका आनंद झाला. तासभर गेला, वळला, तासभर परत. चांगलं तापवून, चांगलं दमवून गाडी त्याने गॅरेजमध्ये आणली आणि बंद न करता बॉनेट उघडलं. आणि का कोण जाणे, ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण त्याने चिंधीने धरून सैल केलं.

झाकण उडालं. हातातून सुटून बॅटरीवर आपटलं, आणि त्या तोंडातून फस्सकन गरम वाफ आली. त्याच्या मनगटावर ऑइलचे शिंतोडे उडाले तरी त्याने हात मागे घेतला नाही. काल थंड इंजिनावर हेच झाकण त्याने उघडून ठेवलं होतं तेव्हा ते साधं थरथरलंही नव्हतं. म्हणजे पोटात हवा कोंडतेय. गरम झाल्यावरच कोंडतेय. पोटातली हवा कोंडली की टर्बोतून खाली उतरणारं ऑइल खाली उतरत नाही, जागा मिळेल तिथून हवेच्या पाईपात घुसतं आणि तिथून इंजिनात जाऊन जळतं. रिंगा नाहीत! टर्बो नाही! त्याने इंजिन बंद केलं आणि ब्रीदरचा पाईप शोधला. हाताला पोळत होता, वरून धडधाकट होता. खालची क्लिप सैल करायला पेचकस लावला आणि त्याचा हात थांबला.

क्लिपच्या स्क्रूचं तोंड खाली आणि आतल्या बाजूला वळवलेलं होतं. उघडायला त्रासाचं, पण बाहीला कधी अडकणार नाही असं. सगळं शहर धुंडाळलं तरी तशी क्लिप लावणारा एकच माणूस सापडला असता. दुसऱ्याच्या वहीत अचानक आपलं अक्षर दिसावं तसं त्याला ते दिसलं. त्याने पाईप काढला, शटरखालून येणाऱ्या उन्हाकडे धरून आरपार बघितलं. आरपार काही दिसलं नाही. पात्याने उभा कापला तेव्हा आतलं रबर फुगून, सुटून, जिभेसारखं लोंबत होतं. थंड असताना ती जीभ भिंतीला चिकटून राहत असणार, लेकीने फुंकलं तेव्हा राहिली तशी. तापली की मऊ होऊन वाट बंद करत असणार. पाईप वरून काळा, तेलकट झाला होता. त्याने डिझेलमध्ये चिंधी बुडवून तो पुसला. पांढरी अक्षरं वर आली, ठळक, पोरांच्या पुस्तकात असतात तेवढी. ‘फक्त पाण्यासाठी. तेलाला चालणार नाही.’

मग सगळं आठवलं, आणि ते तिसऱ्या सिलिंडरसारखं धूसर नव्हतं. मागच्या वर्षीचा एक शनिवार. लेक परगावी गेलेली. बाईंचा ब्रीदर फाटला होता आणि त्यांना त्याच दिवशी निघायचं होतं. त्याने कपाटात हात घातला, जाडी बोटांनी बघितली, बेताचा तुकडा कापला. बाई शेजारी उभ्या होत्या. “यावर काहीतरी लिहिलंय हो,” त्या म्हणाल्या होत्या. “वाचून तरी बघा.” आणि तो म्हणाला होता, “बाई, वाचायचं बाहेर. इथे हात सांगतो.” केवढ्या ऐटीत म्हणाला होता! बाईसुद्धा हसल्या होत्या.

त्याने तो कापलेला पाईप कचऱ्याच्या पिंपात टाकला. वर दोन-तीन तेलकट चिंध्या टाकल्या. मग एक पुठ्ठा टाकला. मग लेकीच्या चिठ्ठ्या एकेक वाचत योग्य खणातून योग्य पाईप काढला, त्यावरचं दोनदा वाचलं, बसवला, आणि पुन्हा तासभर गाडी पळवून आणली. झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवलं. इंजिन चालू, गाडी तापलेली, आणि झाकण जागच्या जागी, नाणं ठेवावं तसं स्वस्थ. मिस्त्री त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्याचं इंजिन निर्दोष होतं. याहून मोठा दिवस त्याच्या आयुष्यात फार तर दोन-तीन आले असतील, आणि तो घरी आला तो पाय ओढत.

सोमवारी लेक आली तेव्हा त्याने झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाला, “ब्रीदर चोंदत होता. तापल्यावर.” लेक आधी झाकणाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. “गरम करून बघायचं मला सुचलंच नाही,” ती म्हणाली. “आप्पा, मी त्या बाईंची गाडी भंगारात घातली असती हो!” आणि तिने चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली. टर्बोवाला आला, त्याला तिनेच रंगवून सांगितलं. “झाकण उडालं म्हणे बॅटरीवर! इंजिनाला हात न लावता!” टर्बोवाला म्हणाला, “मिस्त्री, तुमचे हात एकदा माझ्या दुकानात टांगायला द्या. गिऱ्हाईक वाढेल.” मिस्त्री हसला. स्तुती त्याला नेहमी आवडे. तो ती तोंडात घोळवत असे. आज ती बिनमिठाची लागत होती.

बाई दहा वाजता आल्या. लेकीने त्यांना बॉनेटपाशी नेऊन सगळं समजावलं, नवा पाईप दाखवला. “गाडी बुधवारी खुशाल न्या. वाटेत दोनदा थांबून ऑइल तेवढं बघा.” बाईंचा चेहरा असा उजळला की त्या पंचाहत्तरीच्या वाटेनात. “पण बाई, तो आधीचा पाईप कुणी बसवला होता?” लेकीने विचारलं. “चांगला पाईप असा चोंदत नाही, आमच्याकडचा नसणार. रस्त्यात कुठे काम करून घेतलं होतंत का?”

बाईंनी मिस्त्रीकडे बघितलं. फार वेळ नाही, पण पुरेसा. मग त्या नजर काढून म्हणाल्या, “कोण जाणे बाई. मला काही आठवत नाही.”

बाईंना आठवत नाही! पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या पोराने कुठल्या बाकावर काय कोरलं होतं ते ज्यांना आठवत असे, त्यांना. वर्गात तो शब्दावर अडला की बाई कधी पुढचं अक्षर सांगत नसत. बाकीचे हळूच सांगायला जात तर त्यांच्यावर डोळे वटारत. ‘येईल त्याला, थांबा’ एवढंच म्हणत आणि खरंच थांबत, कितीही वेळ लागो. म्हणून तर तो शिकला. आणि आज त्याच बाई त्याला अडलेला बघून पान उलटून पुढे जात होत्या. हा आता जमायचा नाही, राहू दे, म्हातारा आहे, असं. ओरडल्या असत्या तर त्याने मान खाली घालून ऐकलं असतं. पण सोडून दिलेलं? मिस्त्रीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो उठला, पिंपापाशी गेला, पुठ्ठा काढला, चिंध्या काढल्या, कोपरापर्यंत हात घालून तो कापलेला पाईप वर काढला आणि बाईंच्या समोर येऊन उभा राहिला.

“तुम्हाला आठवतंय,” तो म्हणाला. “मी बसवला. तुम्ही वाचा म्हणालात, मी वाचलं नाही.”

लेकीच्या हातातली चिंधी खाली आली. टर्बोवाल्याने एकदम आपल्या दुकानाकडे बघितलं, तिथे कुणी हाक मारल्यासारखं.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

मिस्त्रीने पाईप दोन्ही हातांत ताणून धरला आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं वाचलं. “फक्त पाण्यासाठी. तेलाला चालणार नाही.”

“वाचता येत होतं की तुम्हाला.”

“येत होतं.”

“मग?”

“घमेंड, बाई. दुसरं काय?”

बाईंनी मान हलवली, आणि त्यात आता दया नव्हती, हे बघून मिस्त्रीला बरं वाटलं. “आणि इंजिन?”

“इंजिनाला काय झालंय? अठ्ठावीस, अठ्ठावीस, साडेसत्तावीस, अठ्ठावीस. वर्षभर पोटात हवा कोंडून पळवलंत तरी हूं की चूं केलं नाही त्याने. मी बांधलंय ते.” हे बोलताना त्याची छाती पुन्हा आपली आपण पुढे आली, आणि या वेळी त्याने ती येऊ दिली.

बाई किल्ली घेऊन गाडीत बसल्या. लेकीने टेबलावरून कामाचं कार्ड ओढलं, पेन उघडलं आणि तारीख, गाडीचा नंबर, सगळं भरून एका रकान्यावर थांबली.

“दोष कशामुळे, इथे काय लिहू?”

“चुकीचा पाईप बसवला. मोठ्या मिस्त्रीची चूक.”

“मोठ्या कशाला, आप्पा? नुसतं मिस्त्रीची लिहिते.”

“नाही,” तो म्हणाला, “मोठ्या लिही. नुसतं मिस्त्री लिहिलंस तर लोक तुझ्यावर घेतील.”